कस्तुराकाकींचा वानोळा

चाकणजवळच्या कुरुळीत भाड्याची खोली मिळणं अवघड नाही. कस्तुराकाकींच्या चाळीत मिळणं अवघड आहे. बाकीचे मालक आधारकार्ड बघतात, कंपनीचं ओळखपत्र बघतात, बायको सोबत आहे का ते बघतात. काकींनी मला उंबऱ्याबाहेर उभं करून विचारलं, "तुमच्याकडं रानात काय पिकतं?" मी लातूरकडचा, औसा तालुक्यातला. सोयाबीन, तूर आणि कडेला थोडी करडई, असं सांगितलं. "करडई व्हय? मंग कोवळ्या करडईची भाजी कवा आनून देनार?" झालं, खोली मिळाली. डिपॉझिट मागायचं त्या विसरूनच गेल्या. ते दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रणजीत येऊन घेऊन गेला.

मी निरंजन. कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही असं माझी बायको वर्षाली म्हणते आणि ते खरं आहे. पण काकींच्यात खोट काढायला गेलो की मीच तोंडावर पडतो. साठी कधीच ओलांडलेली बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात कुठल्याशा सोडून गेलेल्या भाडेकरूचे सेफ्टी शूज, आणि आवाज असा की सकाळच्या शिफ्टवाल्यांना मोबाइलचा गजर लावावा लागत नाही. चाळीतल्या नळाला पाणी आलं की त्या अंगणातून नावानिशी हाका मारतात. एखाद्याची सेकंड शिफ्ट असते, तो बिचारा नुकताच झोपलेला असतो. त्यालाही हाक मारतात. पाणी काय शिफ्ट बघून येतं का, असं त्यांचं म्हणणं.

काकींचं सगळं जग वानोळ्यावर चालतं. आपल्या रानात नवीन काही निघालं की ते दुसऱ्याच्या घरी चाखायला धाडायचं, तो वानोळा. पहिलं गावच्या भैरोबाला, मग शेजारी आणि पाहुणे, आणि उरलं तर घरच्यांना, असा काकींचा कायदा. त्यातलं 'उरलं तर' फार महत्त्वाचं आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

आता अडचण अशी की काकींचं रान गेलं. जिथं त्यांचा गहू उभा असायचा तिथं आज एका कंपनीचं गोडाऊन आहे, आणि गव्हाऐवजी कंटेनर उभे असतात. जमिनीचे पैसे आले, घर झालं, चाळीच्या खोल्या झाल्या, रणजीतने कंपन्यांना कामगारांच्या बसगाड्या लावल्या. कशाला कमी नाही. पण वानोळा कुठून आणायचा? एकदा मी शहाणपणाने म्हणालो, "काकी, चाकणच्या बाजारातनं चांगला मटार आणा न् तोच वाटा की." त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "इकत आनल्याला वानोळा आन् भाड्यानं आनल्याली आई, दोन्ही सारखीच." मी तो विषय परत काढला नाही.

घरामागे एक तुकडा तेवढा शिल्लक होता. असेल अर्धा गुंठा. तीन बाजूंना खोल्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला दत्तोबांची भिंत. दत्तोबा म्हणजे भावकीतले, काकींचे चुलत दीर. ती भिंत चार बोटं इकडे की तिकडे यावरून दोन्ही घरांचं जाणं-येणं तुटलेलं. भिंतीवरून टोमणे मात्र रोज चालायचे, त्यात खंड नव्हता. त्या तुकड्यात काकींनी वांगी लावली, ती मोकाट शेळ्यांनी खाल्ली. मिरच्या लावल्या, त्यांना बोकड्या पडून पानं मुरडली. खाली बांधकामाचा राडारोडा, वर अर्धा दिवस सावली, त्यात पिकणार काय? रणजीत म्हणायचा, "आई, टँकरचं पानी घालून तू दगडं पिकवतीस." त्याला तिथं आणखी चार खोल्या काढायच्या होत्या. पोरगा वाईट नाही. मनाने मोकळा, कुणाच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री गाडी काढणारा. पण आपल्या ह्या पट्ट्यात राहून राहून माणसाला एक खोड लागते. मोकळी जागा दिसली की त्याला खोली दिसते. त्यात त्याची बायको मंजुषा गरोदर होती, घर वाढणार होतं.

अशात आमच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला आलेला इटलीचा साहेब परत निघाला. त्याला माण गावात एका टॉवरमध्ये फ्लॅट दिला होता. तिथल्या गॅलरीत त्याने गावाकडच्या बियांची रोपं केली होती आणि ती लावायला काही त्याला जमीन मिळाली नव्हती. नवरात्राच्या सुमाराला तो एक ट्रे घेऊन कंपनीत आला आणि कुणाकडे माती आहे का, असं विचारत सगळ्या डिपार्टमेंटमधून फिरला. सगळे फ्लॅटवाले नाहीतर खोलीवाले. मी म्हणालो, माझ्या घरमालकिणीकडे आहे. लेक सासरी धाडावी तसा तो ट्रे त्याने माझ्या हातात दिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. रोपं आर्टिचोकची होती; ते म्हणजे काय, कसं वाढवायचं, कसं खायचं ते मग त्याने मला समजावलं. मला इंग्रजी येतं, पण त्याचं इंग्रजी निम्मं तोंडात आणि निम्मं हातवाऱ्यांत होतं. फूल उमलायच्या आधी कळी कापायची, उकडायची, पाकळी दातांनी ओढायची, एवढं कळलं. आतले केस फेकून द्यायचे म्हणाला. कसले केस ते मी विचारलं नाही.

बाइकवर मांडीत ट्रे धरून वर्षाली आणि मी ती रोपं घरी आणली. काकींनी एक पान चुरगाळून वास घेतला, जिभेला लावलं आणि थुंकल्या. "कडू जहर हाय. म्हंजी शेळ्या खायच्या न्हाईत." पहिली परीक्षा पास. मी पान निरखून बघितलं, आणि खरं सांगतो, मला आमची करडईच आठवली. तीच कातरलेली पानं, तोच काटेरी बाणा. "काकी, करडईची थोरली बहीण दिसायलीय बघा ही," मी म्हणालो.

भिंतीवर दत्तोबांचं डोकं उगवलंच. "वैनी, उंटकटारा लावताय व्हय? आमी जलमभर बांधावरनं उपटून टाकला त्यो!" रणजीत तिथंच दात घासत उभा होता. तो फेस उडवत हसला आणि हसता हसता बोलून गेला, "आई, ह्या उंटकटाऱ्यानं पाडव्यापातुर आपल्या घराला एक येळ पोटभर जेवू घातलं ना, तर मी खोल्यांचं नाव काढनार न्हाई. आन् न्हाई घातलं, तर पाडव्याच्या मुहूर्ताला हितं कुदळ मारनार."

काकी ताठ झाल्या. "बोललास? भावजी, ऐकलं का? निरंजन, तू ऐकलंस?"

"ऐकलं की," दत्तोबा खुशीत म्हणाले. त्यांना काय, फुकटचा तमाशा. पण जुन्या गावात चार माणसांदेखत दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून आख्ख्या चाळीला एकच उद्योग लागला.

काकींनी हातभर अंतर सोडून खड्डे घेतले. राडारोडा वेचून काढला, गवळ्याच्या गोठ्यातलं जुनं शेण आणून भरलं. ऑक्टोबरच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या, तर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स रस्त्याकडेला फाटून लोंबत होता तो आणून वर ताणला. भावी सरपंचांच्या सावलीत इटलीची रोपं वाढायला लागली. चाळीतल्या बायकांना हुकूम सुटला: तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी मोरीत टाकायचं नाही, मागे आणायचं. पानांवर मावा पडला तेव्हा काकींनी चुलीची राख चाळून रोज सकाळी एकेका पानावर भुरभुरली. शेळ्या आल्या, एक घास घेतला आणि तोंड वेंगाडून गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. काकींना ते बघून इतकं हसू लोटलं की त्या खालीच बसल्या.

थंडी पडली तशी झाडं बहरली. कंबरेपर्यंत आली, पानं रुपेरी, ऐसपैस पसरलेली. मी रोज कंपनीतून आलो की आधी मागे जाऊन बघायचो. पण पौष सरला तरी नुसता पाला. काकी प्रत्येक झाडाच्या मधोमध हात घालून चाचपायच्या आणि पुढच्या झाडाकडे जायच्या. रणजीतने तेवढ्यात उद्धवराव मिस्त्रींना आणून जागेचं माप घेतलं. फक्त माप, म्हणाला. उद्धवराव टेप धरून झाडांवरून ढांगा टाकत असताना काकी दारात बसून गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "रणजीत काय वाईट बोलत न्हाई. पर खोल्या झाल्या म्हंजी मी काय करायचं सांग. म्हयन्याला भाडं घ्यायचं? सासरी आले तवापासनं ह्या हातानं दिल्यालं हाय. पायली-दोन पायली का असंना, दारात आलेला मोकळा गेला न्हाई. आता नुसतं घ्यायचंच आलं हातात. उद्या नातवंड व्हईल, त्याला दावायला मूठभर माती तरी नको का?" एरवी एवढं बोलल्यावर त्या मला काहीतरी टोमणा मारतात. त्या दिवशी मारला नाही, आणि मला फार वाईट वाटलं. ती झाडं फुटावीत म्हणून मी, ज्याने दहावीच्या निकालालाही देवाकडे काही मागितलं नव्हतं, भैरोबाला नारळ बोललो.

माघात मंजुषा बाळंतपणाला माहेरी राजगुरुनगरला गेली आणि त्याच आठवड्यात काकींची हाक आख्ख्या चाळीने ऐकली. "आरं आलं रं! डोकं वर आलं!" थर्ड शिफ्ट करून झोपलेलेसुद्धा बनियनवर धावले. मधल्या झाडाच्या पोटातून लिंबाएवढा हिरवा गोळा वर आला होता, खवल्यांवर खवले घट्ट मिटलेला. मग एकेका झाडाला येत गेले. मोठा मधला, बाजूला लहान. होळीपर्यंत ते मुठीएवढे, मग नारिंगाएवढे झाले. दत्तोबा भिंतीवरून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे काकींना बक्षीसच.

होळी झाली, कळ्या काढायला आल्या आणि नेमकी माझी त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, वर ओव्हरटाइम. घरी आलो की जेवून आडवा व्हायचो. एकदा वर्षालीने ताटात एक उकडलेली कळी वाढली. काकींनी दिली म्हणाली. मोबाइलवर बघून तिने शिजवली होती. शेवग्याची शेंग खातो तशी एकेक पाकळी दातांनी ओरपायची, शेवटी आतलं कुसळ काढून टाकलं की खाली गोल गाभा. थोडा कडवट, थोडा ओल्या शेंगदाण्यासारखा. वर पाणी प्यालो तर आवळा खाल्ल्यावर लागतं तसं गोड लागलं. आम्ही दोघांनी एका कळीवर अर्धा तास काढला आणि ही भानगड चांगली आहे यावर एकमत झालं. आमच्यात ते सहसा होत नाही.

शिफ्ट संपली तेव्हा मागे जाऊन बघितलं, तर झाडं बोडकी. बाजूच्या बारीक कळ्या राहिल्या होत्या, त्या उन्हाने करपून काळ्या पडल्या होत्या. काकी खुशीत होत्या. बोलताना त्यांचे हात थांबत नव्हते. पहिली भैरोबाला. एक जुडी व्याह्यांकडे राजगुरुनगरला, रणजीतच्याच बसच्या ड्रायव्हरबरोबर. उद्धवराव मिस्त्रींना. चाळीतल्या प्रत्येक खोलीला. आणि दत्तोबांनासुद्धा, भिंतीवरून. "म्हनलं, भावजी, भांडान भिंतीचं हाय, मातीचं न्हाई. खावा, न्हाई तर बोकडाला घाला."

"आणि काकी," मी विचारलं, "घरी किती ठेवल्या?"

काकींचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग झाडांकडे बघितलं. "म्या म्हनलं उरत्याल," त्या म्हणाल्या. "शेवटची दोन ठेवली व्हती. मंग त्या कोपऱ्याच्या खोलीत चिपळूनचं नवं जोडपं आलंय ना, ती पोरगी दारात हुबी. तिला कसं वगळायचं?"

रणजीतच्या पोटात त्या झाडाचं एक खवलंही गेलं नव्हतं. पैज घरच्यांना जेवू घालायची होती आणि बाईने घर सोडून गावाला जेवू घातलं होतं. पैज त्यांच्या ध्यानातच राहिली नाही. हाताला वानोळा लागला आणि हात आपोआप चालत राहिले. मला हसावं की रडावं कळेना. वर्षाली म्हणाली, "ज्यांनी अजून केलं नसंल त्यांच्याकडून एखाददुसरं परत आणू का?" काकींनी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे सरली. "वानोळा परत मागायचा? थुकून चाटायचं व्हय ह्या वयात?"

आणि त्यांनी स्वतःच रणजीतला सांगितलं. लपवलं नाही, सबब सांगितली नाही. तो आधी मोठ्याने हसला. मग त्याने आईचं तोंड बघितलं. "शब्द म्हंजी शब्द, आई," तो हळू म्हणाला. "मी कुठं न्हाई म्हनतीया," काकी म्हणाल्या. "मार कुदळ."

त्या वानोळ्याचं पुढे काय झालं ते हळूहळू कानावर येत होतं. गुरवाने देवाची कळी पाण्याच्या तांब्यात ठेवली, ती उमलून जांभळी झाली आणि बायका तिला हळदकुंकू वाहायला लागल्या. विहीणबाईंना ते खायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, त्यांनी टीव्हीशेजारी फुलदाणीत मांडलं. दत्तोबांनी सगळ्यात मोठी कळी अख्खीच्या अख्खी मटणाच्या रश्श्यात टाकली आणि आतल्या कुसळासकट चावली. त्या दिवसापासून त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. साहेब ते केस फेकून द्या का म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं.

यंदा पाडवा नेमका गुरुवारी आला. ह्या भागातल्या कंपन्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणजे पाडव्याची वेगळी सुट्टी बुडाली म्हणून चाळीत हळहळ चालली होती. पण सगळे घरी होते. दारोदार गुढ्या उभ्या होत्या. काकींचीही गुढी पहाटेच उभी राहिली, पण त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. मागे बसून झाडं मुळासकट काढून रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावत होत्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "जा, सनाच्या दिशी बायकोपाशी बस." डोळे पुसले का घाम पुसला, मला कळलं नाही. मला वाटतं डोळेच.

उन्हं वर आली. रणजीत नवीन शर्ट घालून ओसरीवर बसला होता. चूल थंड, पोटात कावळे, आणि आईला काही बोलायची हिंमत नाही. तेवढ्यात उद्धवराव आले. एका खांद्यावर कुदळ, दुसऱ्या हातात चार कप्प्यांचा डबा. कुदळ भिंतीला टेकवून त्यांनी डबा आधी पुढे केला. "मंडळींनी दिलंय. तुमच्या त्या कळीत भरल्या वांग्याचा मसाला भरून केली व्हती राव, पोरांनी खवलं न् खवलं चोखलं. म्हनली, वानोळा आलाय, आपला पाडवा जाया पायजे." डब्यात पुरणपोळ्या होत्या.

मग चिपळूणची ती नवी मुलगी आली, झाकलेल्या पातेल्यात नारळाच्या दुधातल्या शेवया घेऊन. पुढच्या खोलीतून मसालेभात आला. वर्षालीने आमच्याकडची धपाटी आणि दही नेलं. राजगुरुनगरहून ड्रायव्हर श्रीखंडाचा डबा घेऊन उतरला, वर विहीणबाईंचा निरोप, की फूल उमललंय आणि आख्खी आळी बघायला येतीय, मंजुषा सगळ्यांना सांगतीय आमच्या आत्याबाईंच्या रानातलं आहे. 'रानातलं' हा शब्द ऐकून काकी बादली सोडून उठल्या. हात मातीचे, तसेच पदराला पुसले.

आणि मग दारातून, भिंतीवरून नाही, दत्तोबा आले. हातात कटाच्या आमटीचं पातेलं. ती भिंत झाल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. "आमच्या मंडळींनी, छबूबाईनं दिलीय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. घसा अजून बसलेलाच होता. "म्हनली, वैनीनं भांडान मधी न आनता धाडलं, आपुन काय रिकामं बसायचं?" काकींनी पाट मांडला आणि म्हणाल्या, "बसा, भावजी."

मग काय, ओसरीवर पंगतच बसली. रणजीत भुकेला होता, त्याने मागेपुढे बघितलं नाही. पुरणपोळी झाली, आमटीवर भात झाला, धपाटं झालं, श्रीखंड दोनदा झालं. काकी वाढत होत्या. वाढताना त्यांचा आवाज परत चाळीला ऐकू जाईल असा झाला होता. शेवटी रणजीतने ताटात हात धुतला, भिंतीला टेकला आणि समोरच्या कुदळीकडे बघत बसला.

"आई," तो म्हणाला, "मी जेवलो."

"दिसतंय की. पट्टा ढिला केलास."

"तसं न्हाई. पोटभर जेवलो म्हनतोय. पाडवा सरायच्या आत."

दत्तोबा खाकरले. सवय जात नाही. "रणजीत, ह्ये जेवान शेजाऱ्यापाजाऱ्याचं हाय. झाडाचं कुठं हाय? पैज झाडाची व्हती."

रणजीत त्यांच्याकडे वळला. "काका, माझ्या लग्नाला तुमी आला न्हाई. दिवाळीला फराळाचं ताट धाडलं, तुमी भिंतीवरनं परत केलं. आज आमटी घिऊन दारातनं आत आला. कशानं आला, सांगा की." दत्तोबा पातेल्याच्या झाकणाकडे बघत राहिले. "मंग? मला त्या उंटकटाऱ्यानंच जेवू घातलं." आणि रणजीत एकदम उद्धवरावांवर ओरडला, "मिस्त्री, टेप खिशात घाला तुमची! पुढच्या खोल्यांवर मजला चढतो का त्येवढं सांगा!"

काकी तिथेच खाली बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या, आवाज करून, लहान पोरासारख्या. वर्षालीही रडली. मी दोघींना पाणी आणून दिलं, कारण दुसरं काही सुचेना, आणि माझ्या नाकातही काहीतरी झोंबत होतं.

मग ओसरीवर भांड्यांचा ढीग पडला. रणजीत आईला बरं वाटावं म्हणून बाह्या वर करून उठला. "तू बस, आई. मी घासतो आन् ज्याचे त्याचे डबे देऊन येतो."

"रिकामे?" काकींनी विचारलं. डोळे ओले होते, पण कपाळाला आठी पडली होती. "लोकाची भांडी रिकामी परत धाडत्यात व्हय आपल्यात? कुनी शिकीवलं तुला?"

"मंग काय भरू त्यात?"

"त्येच म्हनतीया मी कवापासनं!" काकींनी सेफ्टी शूज पायात अडकवले. "उद्या मेथी-कोथमीर टाकू, म्हयनाभर दम धरा म्हनावं त्यांना. आन् आधी ती झाडं जमिनीत घाल, बादलीत किती येळ तग धरत्याल? घे ती कुदळ."

पाडव्याचा मुहूर्त असा साधला. रणजीतने नव्या शर्टात खड्डे घेतले, उद्धवरावांनी बादल्या आणून दिल्या, दत्तोबा भिंतीच्या ह्या बाजूला उभे राहून खोकत खोकत सल्ले देत होते, आणि काकी प्रत्येक खड्ड्याला ओरडत होत्या, "हातभर लांब घे रं, हातभर! यंदा घरला बी ठेवायचं हाय."

मी बाजूला उभा होतो. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची माझी सवय, पण मला काही खोट दिसली नाही.